थर्ल्सला न झालेली रेस

लीड्स, ८ सप्टेंबर

आदरणीय मिस्टर कॉन्सिडाइन,

आपली भेट झालेली नाही. मी ब्रोना, तुमच्या फिंटनची बायको. आमच्या लग्नाला तुम्हाला बोलावलं नव्हतं, त्याबद्दल मी सबब सांगत बसणार नाही. तुम्हाला एक नात आहे, नेसा. अकरा महिन्यांची झाली. परवा तिने दुधाची बाटली बघून एक भुवई वर केली, तर फिंटन म्हणाला, "ही आमच्या बाबांची भुवई." लग्नानंतर तुमचं नाव त्याने माझ्यासमोर पहिल्यांदाच काढलं. मी तापल्या तव्यावर पोळी भाजून घ्यायचं ठरवलं.

मी म्हटलं, नेसाला घेऊन क्लेअरला तुमच्या घरी जाऊन येऊ. त्याने आधी नेसाची बाटली धुऊन ठेवली. मग त्याने अट घातली, ती त्याच्याच शब्दांत देते: "घोडे सोडले असं म्हणाले तर मी ऐकणार नाही. ते वाक्य आईने आयुष्यभर ऐकलं. त्यापेक्षा खेळू देत. पण लावतील तो प्रत्येक डाव खरा लिहू देत. ईस्टरपर्यंत नोंद खरी निघाली तर येऊ."

सोबतच्या खोक्यात आमचा जुना लॅपटॉप आहे. त्यात फिंटनने स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम आहे. घोड्यांवर पैसे लावल्याशिवाय ज्यांना राहवत नाही अशा लोकांना तो हाच विकतो. कुठली रेस, कुठला घोडा, काय भाव, किती लावले, जिंकला की हरला, एवढं भरायचं. पुढच्या डावाला किती लावायचे ते प्रोग्रॅम सांगतो. तुमच्याकडे इंटरनेट नाही हे माहीत आहे. महिन्याकाठी नोंद पेन ड्राइव्हवर घ्या आणि पाकिटात घालून मला पाठवा, मी त्याच्या टेबलावर ठेवीन.

राग आला असेल तर लॅपटॉप परत पाठवा, मी समजून घेईन.

आपली,
ब्रोना

•

किलब्रॅकन, काउंटी क्लेअर, २० सप्टेंबर

प्रिय ब्रोना,

मला मिस्टर कॉन्सिडाइन म्हणणारे दोघेच: एक बँकेतला आणि एक दातांचा डॉक्टर. दोघांकडूनही आजवर चांगली बातमी आलेली नाही. तेव्हा तू मला मॅलकी म्हण.

राग कसला? तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं, मग खुर्ची ओढून पुन्हा वाचलं. तुझे आभार कसे मानावेत ते मला येत नाही, म्हणून सरळ लिहितो: आभारी आहे. खोक्यात लॅपटॉपभोवती गुंडाळलेलं बाळाचं दुपटं तू मुद्दाम घातलंस की चुकून, माहीत नाही. ते परत मिळणार नाही.

फिंटनने तुला कॉन्सर्टिनाचं सांगितलं असेलच. माझी नोरीन लिमरिकला हॉस्पिटलात होती तेव्हा मी तिची ती हातातली छोटी पेटी विकली आणि पैसे एका फेव्हरिट घोड्यावर लावले. शेवटच्या आठवड्यात तिने फिंटनला सांगितलं, माझी कॉन्सर्टिना आण. तो घरी आला आणि कपाट उघडलं. पुढचं तुला माहीत आहे. त्याने अट घातली यात काही चूक नाही. मी असतो तर दारच बंद ठेवलं असतं.

घोडे सोडले असं मी म्हणणार नाही. ते वाक्य या घरात इतक्यांदा बोलून झालंय की भिंतीसुद्धा हसतील. प्रोग्रॅम जे विचारेल ते भरीन. लॅपटॉप नोरीनच्या खुर्चीवर ठेवलाय, चार्जरची वायर तिथवरच पुरते.

नेसाच्या भुवईबद्दल क्षमस्व. वयात आली की उपटून घे म्हणावं.

मॅलकी

•

लीड्स, २१ ऑक्टोबर

प्रिय मॅलकी,

पहिला पेन ड्राइव्ह आणि ब्लॅकबेरीचा जाम दोन्ही पोचले. जाम संपला. पेन ड्राइव्ह मी फिंटनच्या टेबलावर ठेवला आणि मुद्दाम कपडे वाळत घालायला गेले. परत आले तर तो पडद्यासमोर हनुवटी धरून बसला होता. म्हणाला, "आठवड्याला दोन डाव? आमचे बाबा?" एवढंच. पण दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा उघडून बघितलं.

तुम्हाला एक सांगू का? हा प्रोग्रॅम त्याने पहिल्यांदा लिहिला तो तुमच्यासाठीच. आई गेल्यावर त्याने घरातल्या बुकीच्या पावत्या गोळा केल्या आणि तुम्ही नेमके कसे बुडालात ते शोधायला बसला. गणितात त्याला दिसलं की घोडे वाईट नव्हते, तुमची पद्धत वाईट होती: हरलात की दुप्पट, पुन्हा हरलात की त्याची दुप्पट. म्हणून याच्या पद्धतीत उलटं आहे. थैलीत जेवढे उरलेत त्याचा ठरावीक छोटा भाग लावायचा. हरलात की पुढचा डाव आपोआप लहान. लोक त्याला आभाराची पत्रं पाठवतात. ज्या माणसासाठी लिहिला तो सोडून सगळे वापरत होते. आता तुम्हीही वापरता, याचा मला फार आनंद आहे.

घोडे निवडता कसे? मी नावावरून निवडते, फिंटन डोक्याला हात लावतो.

ब्रोना

•

किलब्रॅकन, १२ डिसेंबर

प्रिय ब्रोना,

फोटो मिळाला. भुवई खरंच माझी आहे, बिचारी. फोटो फायरप्लेसवर ठेवलाय, पण धुराने काळा होईल म्हणून संध्याकाळी उतरवतो. या वयात मला एक काम लागलं, त्याबद्दलही तुझे आभार.

प्रोग्रॅम माझ्यासाठी लिहिला हे तू लिहिलंस, ते वाचून मी गाईंकडे गेलो. गाई विकून दहा वर्षं झाली, पण पाय तिकडे वळतात. इतक्या पावत्या एकेक करून वाचणारा मुलगा! माझा अभ्यास कोणी एवढा केला नव्हता. हरलो की कमी लाव, असं मला चाळीस वर्षांपूर्वी कोणी सांगायला हवं होतं. नोरीनने सांगितलं होतं म्हणा.

नावावरून घोडा निवडतेस त्यात काही चूक नाही. मी बाप कोण, आई कोण, चिखलात पळतो का, वजन किती, सगळं बघून निवडायचो आणि तुझ्याएवढाच हरायचो.

सुरुवातीला एका आठवड्यात पडद्यावर लाल खूण आली होती, "नोंद अपूर्ण". घाबरलो. म्हटलं, आता फिंटन म्हणेल बाबांनी काही लपवलं. तेव्हापासून येऊ दिलेली नाही. दर आठवड्याला वेळेवर भरतो.

गावात काही नवीन नाही. बुकीच्या दुकानातली इमेल्डा रस्त्याच्या त्या बाजूने हात करते, मी या बाजूने करतो. नाताळचा केक पाठवतोय. व्हिस्की जरा जास्त पडलीय, नेसाला देऊ नकोस.

मॅलकी

•

लीड्स, ११ फेब्रुवारी

मॅलकी,

हे पत्र लिहायला मला आठवडा लागला.

जानेवारीचा पेन ड्राइव्ह आला तेव्हा फिंटन खुशीत होता. बोटीची तिकिटं बघत होता, एप्रिलची. मग सहज म्हणून तुमचे डाव खऱ्या निकालांशी ताडून बघायला बसला. संशय म्हणून नाही, खरंच; त्याला तुमचा एखादा घोडा जिंकलेला बघायचा होता.

२४ जानेवारी, थर्ल्स, तिसरी रेस. तुम्ही लिहिलंय: घोडा हरला. मॅलकी, त्या दिवशी थर्ल्सला रेस झालीच नाही. मैदान गोठलं होतं, सकाळीच सगळा कार्यक्रम रद्द झाला. एकही घोडा पळाला नाही.

फिंटन ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "एक वही दाखवायला आणि एक खरी. आईला असंच फसवायचे." तिकिटांचं पान बंद केलं आणि नेसाला आंघोळ घालायला गेला.

याला काही कारण असेल तर मला सांगा. काहीही असू दे. मी तुमच्या बाजूने बोलत आले, आता काय बोलू ते मला समजत नाही.

ब्रोना

•

किलब्रॅकन, १९ फेब्रुवारी

प्रिय ब्रोना,

फिंटनचं बरोबर आहे. ती रेस झाली नाही आणि मी झाली असं लिहिलं. चूक माझी. त्याच्याशी माझ्यावरून वाद घालू नकोस. घरात वाद शिरला की कसा मुक्काम करतो ते मी बघितलंय.

सप्टेंबरपासून तू मला पत्रं लिहिलीस, एका म्हाताऱ्याला ज्याला तू पाहिलंही नाहीस. ती सगळी जपून ठेवली आहेत. लॅपटॉप हवा असेल तर पाठवतो. दुपटं ठेवलं तर चालेल ना?

तुझा ऋणी,
मॅलकी

•

लीड्स, ४ मार्च

प्रिय मॅलकी,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि मला तुमचा राग आला. नेसाच्या जन्माआधी मी कोर्टात कारकून होते. खोटं पकडल्या गेलेल्या माणसाकडे सबब असते. एक नाही, चार असतात. तुमच्याकडे एकही नाही. हे काय आहे?

म्हणून मी इमेल्डाला फोन केला. संभाषण जसंच्या तसं देते, म्हणजे तुम्हाला नाकारता येणार नाही.

मी विचारलं, "मॅलकी कॉन्सिडाइन तुमच्याकडे किती खेळतात?"

ती म्हणाली, "बाई, गिऱ्हाइकांबद्दल मला बोलता येत नाही. नोकरी जाईल."

मी म्हटलं, मी त्यांची सून.

"सून असा की पोप. गिऱ्हाइकाबद्दल एक अक्षर नाही." मग जरा थांबून म्हणाली, "पण जो गिऱ्हाईकच नाही, त्याच्याबद्दल बोलायला मला कोण अडवतंय? नोरीनला पुरलं त्या दिवसापासून त्या माणसाने आमचा उंबरा ओलांडलेला नाही. दुकान आलं की रस्ता ओलांडतो आणि पलीकडून जातो. पाऊस असला तरी. तिकडे आडोसासुद्धा नाही हो. मी आपली हात करते. दुसरीकडे कुठे लावत असेल म्हणाल, तर या गावात दुसरं दुकान नाही, आणि फोनवर डाव लावायला त्याला टच स्क्रीन म्हणजे काय ते ठाऊक नाही."

मॅलकी, तुम्ही साडेतीन वर्षं एकही डाव लावलेला नाही. मग पाच महिने तुम्ही आम्हाला काय पाठवत होतात? आणि का?

फिंटनला अजून सांगितलेलं नाही. ते तुमच्याच शब्दांत जायला हवं.

ब्रोना

•

किलब्रॅकन, १४ मार्च

प्रिय ब्रोना,

इमेल्डाचं तोंड कधीच बंद राहत नाही. तिला मी सफरचंदाचा केक देऊन आलो, दारातूनच.

या आठवड्यात चेल्टनमच्या मोठ्या रेस आहेत. सगळं गाव तिच्या दुकानात आहे आणि मी तुला लिहितोय. हे वाक्य मी नोरीनला दाखवलं असतं तर तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

हो, लावलेला नाही. तिला पुरून आलो आणि पुढे झालंच नाही. निश्चय वगैरे नव्हता. रेडिओवर रेस लागली की मला ते कपाट दिसायचं.

मग तुझा लॅपटॉप आला. मी विचार केला, खरं तेच भरू. उघडलं, तर तो घोडा विचारतो. घोडा नाही, म्हणून पुढे गेलो, तर किती लावले विचारतो. शून्य लिहिलं, तर घेत नाही. आठवडा कोरा सोडला तर ती लाल खूण: नोंद अपूर्ण. सगळा पडदा शोधला, ब्रोना. जिंकला, हरला, रद्द झाला, सगळ्याला जागा आहे. लावलाच नाही, याला जागा नाही.

तुला लिहावं असं वाटलं. पण काय लिहिणार, घोडे सोडले? फिंटनने आधीच सांगून ठेवलं होतं की ते वाक्य तो ऐकणार नाही. आणि त्याचं खरंच आहे. खेळणाऱ्याने आठवड्याला दोन डाव लावले म्हटलं तर लोक म्हणतात, सुधारला. एकही नाही म्हटलं तर म्हणतात, लपवतोय. म्हणून मी सुधारलेल्या माणसाचे डाव लिहिले. सकाळी पेपर बघायचा, घोडा निवडायचा, प्रोग्रॅम सांगेल तेवढे लावले असं लिहायचं, संध्याकाळी रेडिओवर निकाल ऐकून जिंकला-हरला भरायचं. नुसते कागदी घोडे. आणि तरीही मी तोट्यात आहे, हे फिंटनला सांग. एक दमडी न लावता हरणारा माणूस त्याच्या गिऱ्हाइकांत दुसरा नसेल.

२४ जानेवारीला शेजारच्या टॉम हीलीचा अंत्यविधी होता. निकाल ऐकायचा राहिला. दुसऱ्या दिवशी "हरला" लिहून टाकलं, माझे घोडे बहुधा हरतातच म्हणून. रेसच झाली नसेल हे मनात आलं नाही. आयुष्यभर घोड्यांत घालवलेल्या माणसाने जानेवारीत मैदान गोठतं हे विसरावं! नोरीनकडे बघायचं धाडस होत नाही, म्हणजे खुर्चीकडे.

फेब्रुवारीतच का सांगितलं नाही? कारण एकदा खोटं लिहून पकडला गेलेला माणूस "मी तर खेळतच नाही हो" म्हणाला, तर ते कोण ऐकणार? तुला वाटलं असतं, याची कमालच आहे. तू मला इतकी छान पत्रं लिहीत होतीस. खोटारडा ठरलो तरी चालेल, पण तुला मूर्ख बनवणारा ठरायचं नव्हतं.

आणखी एक, म्हणजे काही उरायला नको. कॉन्सर्टिनाचा माग लागला होता. एनिसला एका मुलीकडे आहे, पंधरा-सोळाची. पैसे साठवून गेलो होतो. ती आत वाजवत होती, नोरीनपेक्षा चांगली वाजवते. दार न वाजवताच परत आलो.

हे पत्र फिंटनला वाचायला दे. नाही दिलंस तरी तुझे उपकार कमी होत नाहीत. कोणीतरी माझ्यासाठी फोन उचलून विचारलं, एवढ्यावर माझा उन्हाळा जाईल.

मॅलकी

•

लीड्स, ३० मार्च

बाबा,

पत्र वाचलं. उत्तराला उशीर झाला, कारण आधी काम करायचं होतं.

प्रोग्रॅम विकायला लागल्यापासून मला शेकडो लोकांनी चुका कळवल्या. ही कोणीही कळवली नाही. गिऱ्हाईक हरलेले डाव लिहायला टाळाटाळ करतं, म्हणून कोरा आठवडा म्हणजे लपवाछपवी, असं मी धरून चाललो होतो. खरं सांगायचं तर गिऱ्हाईक नाही, तुम्ही. तो प्रोग्रॅम लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही होतात, आणि तुम्ही डाव लावला नाही असा दिवस मला सुचलाच नाही. त्याला जागा ठेवायची हे माझ्या डोक्यात आलं नाही.

सोबतच्या पेन ड्राइव्हवर नवीन प्रोग्रॅम आहे. घोड्याचं नाव विचारायच्या आधी वरच एक चौकट आहे: "आज डाव नाही." त्यावर टिचकी मारली की दिवस पूर्ण. लाल खूण येणार नाही. सगळ्या गिऱ्हाइकांनाही हाच पाठवलाय. दोघांनी आभाराची पत्रं लिहिली, त्यातली एक बाई आहे, तिचा नवरा खेळतो.

त्या मुलीच्या दारावर टकटक केली नाहीत ते बरं केलंत. मला ती एकदा ऐकायची आहे.

ईस्टरच्या शनिवारी संध्याकाळी पोचतो. ब्रोना केक नको म्हणतेय, व्हिस्कीचा. मला चालेल.

फिंटन

•

किलब्रॅकन, २५ एप्रिल

प्रिय ब्रोना,

तुम्ही जाऊन दोन दिवस झाले. घरात अजून बिस्किटांचा चुरा सापडतो आणि मी तो झाडत नाही.

प्रत्येक गोष्टीचे आभार मानायला बसलो तर शाई पुरणार नाही, तरी थोड्या लिहितो. रविवारी मेंढीचं मांस करपलं ते तू छान म्हणून खाल्लंस त्याबद्दल. एनिसच्या पबमध्ये त्या मुलीने कॉन्सर्टिना वाजवली तेव्हा फिंटन बाहेर निघून गेला आणि तू त्याच्यामागे न जाता मला जायला सांगितलंस त्याबद्दल. आम्ही बाहेर फार काही बोललो नाही. भिंतीला टेकून आतलं ऐकलं. तो म्हणाला, "आईचा तिसरा सूर असाच अडकायचा." मी म्हटलं, अजून अडकतो.

आणि ईस्टरच्या सोमवारची दुपार. फेअरीहाउसची मोठी रेस रेडिओवर, आणि फिंटन विचारतो, "बाबा, नुसतं सांगा, कोणता?" मी सांगितला तो घोडा एकाला वीस भावाने जिंकला, आणि मी जागेवरून हललो नाही. तू म्हणालीस, मॅलकी, वाईट वाटतंय का? मी तेव्हा नाही म्हटलं. थोडं वाटलं होतं. खोटी नोंद आता पुरे, म्हणून लिहितो. मग नेसाने माझ्या मांडीवरून त्या "आज डाव नाही" चौकटीसाठी बोट दाबलं, आधी चुकून रेडिओवर, मग लॅपटॉपवर, आणि फिंटन इतका हसला की मला त्याचा दहाव्या वर्षीचा चेहरा दिसला.

पण पत्र लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. मंगळवारी सकाळी तू, नेसा आणि मी समुद्रावर गेलो, तेव्हा पाठ दुखते म्हणून फिंटन घरी थांबला होता. मला वाटलं होतं, बापाबरोबर वाळूत चालायचा कंटाळा. परत आलो तर तो नोरीनच्या खुर्चीत बसून मनगट चोळत होता.

काल प्रोग्रॅम उघडला, त्या दिवसाची चौकट भरायला. सहज मागे गेलो. माझे ते थर्ल्सचे आणि बाकीचे कागदी घोडे सगळे काढून टाकलेत. त्यांच्या जागी "आज डाव नाही." मागे गेलो, गेल्या वर्षीही तेच. आणखी मागे गेलो. नोरीनला पुरलं तिथपर्यंत, एकही दिवस कोरा नाही.

ते कशाशीही ताडून बघता येत नाही. त्या दिवसांचा निकाल कुठल्या पेपरात नाही, आहे तो फक्त माझा शब्द. आणि प्रत्येक दिवस हाताने भरावा लागतो, ब्रोना, एकेक करून. तुला माहीतच आहे.

त्याला सांग, मनगटाला गरम पाण्याचा शेक दे.

तुझा,
मॅलकी